काहीच न लागणारा गुलाब

गुलाबांचे लाड पुरवता पुरवता सूनबाई थकली होती, आणि घरात लाड पुरवायला सासूबाई होत्याच.

तिचे स्वतःचे केस पिकले होते, लेकीला बाळ झालं होतं, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत उभं आयुष्य काढून ती निवृत्तही झाली होती. पण सासूबाई होत्या तोवर ती सूनबाईच. शेजारीपाजारी, दूधवाला, औषधाच्या दुकानातला माणूस, सगळे तिला त्याच नावानं हाक मारत. नवरा अचानक गेला आणि दोघी एकमेकींच्या वाट्याला आल्या. मग सासूबाई न्हाणीत पडल्या, खुबा मोडला, आणि मागच्या खोलीतली खाट हेच त्यांचं राज्य झालं. डॉक्टर येऊन हृदयाचे ठोके ऐकत, मान हलवत आणि दारात सूनबाईला हळूच सांगत, "दिव्यात तेल फारसं उरलेलं नाही. मागतील ते द्या."

सासूबाई मागण्यात कसर ठेवत नव्हत्या. पाणी कोमट हवं, उशी उजवीकडे हवी, आता डावीकडे हवी. आणि खिडकीबाहेर गुलाब हवा.

पहिल्या गुलाबाला भुरी आली, जणू कुणी पानांवर पीठ चाळलं. दुसऱ्याच्या पानांवर काळे ठिपके पडले आणि पानं गळून तो उघडा पडला. तिसरा शेंड्याकडून वाळत वाळत जमिनीपर्यंत आला.

"तुझ्या हाताला गुण नाही गं," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या.

"गुण आहे, आई. वेळ नाही. फवारणी वेळेवर हवी, छाटणी हवी, आणि त्याच वेळेला मला तुमची कूस बदलायची असते."

"म्हणजे झाड मी मारलं?"

"असं मी कुठं म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? तोंडावर लिहिलंय."

सूनबाई हसली. सासूबाईही हसल्या. भांडण हे त्या दोघींचं जेवणातलं तोंडीलावणं होतं.

रोपवाटिकेची मालकीण तोंडाची फटकळ बाई होती. सूनबाई तिला म्हणाली, "मला असा गुलाब द्या, ज्याला काही करावं लागत नाही. खत नको, फवारणी नको. पाणी घालायचं राहिलं तर रुसायला नको."

"ताई, असा नवरा मला मिळेना, तुम्ही गुलाब मागताय!"

पण मग ती थांबली आणि शेडमागून एक गंजका डबा घेऊन आली. डब्यात हातभर उंचीचं गडद पानांचं झुडूप होतं. एकाही पानावर डाग नव्हता.

"हा बघा. डोळा भरून दुसऱ्या खोडावर कलम केलेला नाही, स्वतःच्या मुळांवरचा आहे. वरून जळला तरी खालून तोच फुटणार. पलीकडे जुनं घर पाडत होते, त्याच्या परसातला. मूळ झुडूप भिंतीएवढं होतं, ते यंत्राखाली गेलं. एवढाच तुकडा मातीच्या ढिगात मिळाला."

"तिथं पाणी कोण घालायचं?"

"कुणी नाही. घर रिकामंच आहे असं शेजाऱ्यांना वाटायचं. पण होती म्हणे आत एक म्हातारी आणि तिचा भाऊ. ना चूल, ना दिवा, ना कुणाकडे काही मागणं. शांत माणसं. झुडूप उखडलं गेलं त्याच सुमारास गेली दोघं. वय झालं होतं." तिनं डबा पुढे सरकवला. "याला लावा आणि विसरून जा."

सूनबाईनं तो खिडकीखाली लावला. विसरून जायचा मात्र तिचा स्वभाव नव्हता. रोज सकाळी ती भिंग घेऊन पानं उलटून बघे. मावा नाही, फुलकिडे नाहीत, कोळ्याचं एवढंसं जाळंसुद्धा नाही. तिनं बुंध्याशी बोट घातलं तर माती भाजल्यासारखी कोरडी. तिनं पाणी घातलं तर ते मुरलंच नाही, वरच्या वर साचून राहिलं आणि उन्हानं उडून गेलं. महिना सरला तशी फुलं आली, पाच पाकळ्यांची, फिकट गुलाबी. त्यांना वास नव्हता. शेजारच्या आवारातल्या फुलांवर मधमाश्या घोंघावत आणि कुंपण ओलांडून या झुडपाजवळ आल्या की वळसा घालून जात.

'मधमाश्यांनाही काही मिळत नसेल,' ती मनाशी म्हणाली. ज्याला काही नको, ते देणार तरी काय?

सासूबाई मात्र खूश होत्या. पहिल्या फुलाला त्यांनी खिडकीतून हात पुरवून स्पर्श केला.

त्यानंतर घर हळूहळू शांत होत गेलं. आधी पाण्याच्या हाका थांबल्या. मग उशीच्या. दुखण्याच्या गोळीची वेळ झाली की सूनबाई पेला घेऊन जाई तर सासूबाई म्हणत, "नको. दुखत नाहीये." औषधं सुटली तशी तिला धास्ती वाटली, तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, पुन्हा ऐकली, पाठीवर जखमा आहेत का पाहिलं. पाठ कोवळ्या पानासारखी स्वच्छ होती.

"काय जादू केलीत?" डॉक्टर म्हणाले. "ठोके हळू आहेत, पण घड्याळासारखे. काही बदलू नका. चाललंय तसं चालू द्या."

सूनबाईनं चालू दिलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिला सलग झोप मिळाली. ती वाचनालयात जाऊ लागली. एका दुपारी तर तिनं न्हाव्याकडे जाऊन केस आखूड करून घेतले आणि घरी येऊन सासूबाईंच्या समोर उभी राहिली. एरवी त्यांनी म्हटलं असतं, "कुणी कुरतडले गं? उंदरानं?"

सासूबाईंनी पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

तेव्हा तिला पहिल्यांदा काहीतरी टोचलं. पण सुखात टोचलेलं माणूस लवकर विसरतं.

त्याच दिवसांत लेक फोनवर रडली. ती दुसऱ्या गावी राहायची. बाळ महिन्याभराचं होतं आणि रात्रंदिवस किंचाळायचं. जावई कामाला गेला की घरात ती आणि तो आवाज.

"आई, मी याला खिडकीतून टाकून देईन एखाद दिवशी."

"असं बोलू नये गं."

"बोलणारच. तू ये ना."

"आजीला सोडून कशी येऊ? पुढच्या आठवड्यात शेजारणीला बसवते आणि एक दिवस येते. तुला काय आणू?"

"झोप आण," लेक म्हणाली, आणि नाक ओढत हसली. "नाहीतर एखादं झाड आण. असं, जे माझ्या हातून मरणार नाही. निवडुंगसुद्धा मेला गं माझ्याकडे."

सूनबाईनं गुलाबाची पेन्सिलएवढी जाड फांदी घेतली. पेराच्या खाली तिरका काप दिला, वरची दोन पानं ठेवली, कुंडीतल्या ओल्या वाळूत खोचली आणि वर काचेची बरणी पालथी घातली. फांदीला मुळं फुटायला वेळ लागतो हे तिला माहीत होतं. बसला निघायच्या दिवशी तिनं बरणी उचलली तर मुळांनी कुंडीच्या तळाचं भोक गाठलं होतं. तिला आश्चर्य वाटलं आणि आनंदही. चाचणी अपुरी असताना बाटलीवर 'पिण्यायोग्य' अशी चिठ्ठी तिनं जन्मात कधी लावली नव्हती. पण लेक रडत होती, आणि हा काही पाण्याचा नमुना नव्हता. बाळाच्या खोलीच्या खिडकीत कुंडी ठेवून, किंचाळणाऱ्या नातवाला दिवसभर खांद्यावर घेऊन ती परतली.

आता लेकीचे फोनही कमी झाले.

सासूबाईंचं जेवण अर्ध्यावर आलं, मग घासावर, मग ताट जसंच्या तसं परत येऊ लागलं. सूनबाईनं पाण्याच्या पेल्यावर शाईनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेला चिकटून होतं, तिसऱ्या दिवशीही. तरी सासूबाईंचे ओठ सुकले नव्हते, गाल बसले नव्हते. नखं कापायला घेतली तर कापायला काही नव्हतंच. मागच्या वेळी जशी कापली होती तशीच होती. हात गार होता, मेल्यासारखा गार नाही, सावलीतल्या पानासारखा.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सकाळी सासूबाईंचं तोंड खिडकीच्या डाव्या कडेला असे, दुपारी मधोमध, संध्याकाळी उजवीकडे. झोपेतसुद्धा.

तिनं पडदा ओढून खोली अंधारी केली आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला, दाराशी, टेबलावरचा दिवा लावला. मग खुर्ची घेऊन बसली. सासूबाई झोपल्या होत्या, डोळे मिटलेले. मान हलताना दिसत नव्हती. घड्याळाचा तासकाटा हलताना दिसत नाही तशी. पण तिनं स्वयंपाकघरात जाऊन चहा करून, पिऊन, कप विसळून परत येऊन पाहिलं तेव्हा ते मिटल्या डोळ्यांचं तोंड पूर्ण वळून दिव्याकडे लागलं होतं.

ती उठली आणि तिनं दिवा विझवला.

"आई," तिनं हाक मारली. "आई, मला दोन शिव्या द्या बघू."

"कशाला?" सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तू चांगली आहेस."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. ते ऐकण्यासाठी ती एके काळी काय वाट्टेल ते द्यायला तयार होती. आता ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तेवढ्यात फोन वाजला. लेक होती. आवाज झोप झालेल्या माणसाचा, गोड.

"आई, काय गुणी झालंय गं बाळ! रडतच नाही. भूक लागली म्हणूनसुद्धा नाही. माझं दूध आटलं, पण त्याला नकोच असतं. शांत पडून खिडकीकडे बघतं."

"वजन केलंस का?" सूनबाईनं विचारलं. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"केलं ना. दवाखान्यातली नर्स म्हणाली, जरासुद्धा घटलं नाही. पहिलं झबलंही अजून बसतंय त्याला."

पहिलं झबलं. महिने लोटले होते. बाळ घटत नव्हतं, आणि बाळ वाढतही नव्हतं.

शेजारणीला बसवून सूनबाईनं मिळेल ती बस धरली.

लेकीचं घर आरशासारखं लख्ख होतं. लेकीनं केस धुतले होते, ती पुस्तक वाचत होती. पाळण्यात बाळ उताणं पडलं होतं, तोंड खिडकीकडे. सूनबाईनं त्याला उचललं. ते गार होतं. अंगाला दुधाचा, लाळेचा, ओल्या दुपट्याचा, कसलाच वास नव्हता.

"झाड काढते मी," ती म्हणाली.

"कसलं झाड? का?"

"ते बाळाला काही मागू देत नाही."

लेकीनं पुस्तक मिटलं. "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आयुष्यभर नळाचं पाणी तपासून तपासून तू आता माझ्या सुखात जंतू शोधायला लागलीस?"

"मग तूच बघ."

तिनं खिडकी झाकली, बाळाला पाळण्यात ठेवलं आणि लेकीच्या हातातल्या मोबाइलचा दिवा लावून दुसऱ्या कडेला धरला. बाळ झोपलेलं होतं. लेक कंटाळून उसासे टाकत होती. मग हळूहळू तिचे उसासे थांबले. मिटलेल्या पापण्यांचं ते इवलंसं तोंड दिव्याकडे फिरलं होतं. लेकीनं दिवा उजवीकडे नेला, पुष्कळ वेळ धरला. तोंड उजवीकडे गेलं.

"काढ," लेक ओरडली. "काढ ते आधी!"

कुंडी उचलली तर उचलेना. भोकातून निघालेली मुळं खिडकीच्या फटीतून भिंतीत शिरली होती, भिंतीवरून पाळण्याच्या दिशेनं रंगाखाली केसाएवढी शीर उमटली होती. दोघींनी मिळून ती ओरबाडली, कात्रीनं कापली, झाड बादलीत कोंबलं आणि पाळण्याशी येऊन बसल्या. लेक बाळाचे तळवे चोळत राहिली. "रड ना रे," ती म्हणत होती. "रड ना राजा, आईला त्रास दे."

दुपार कलली. बाळ शांत होतं. बादलीतल्या झाडाचं एकही पान मलूल झालं नव्हतं.

तेव्हा सूनबाईला उमगलं, आणि ते आधी न सुचल्याबद्दल तिनं स्वतःचंच कपाळ बडवलं. फांदी लावून केलेलं झाड हे झाडाचं मूल नसतं. तेच झाड असतं, दुसरीकडे उभं. इथला हात छाटून काय होणार? धड तिच्या घरी होतं, सासूबाईंच्या खिडकीखाली. आणि ते काढलं की काय होईल, हे त्या रोपवाटिकेतल्या बाईनं तिला सहज बोलता बोलता सांगितलं होतं: झुडूप उखडलं, आणि त्या घरातली दोघं गेली.

लेकीलाही तिनं न सांगता कळलं असावं. "आजी?" तिनं विचारलं.

सूनबाई बादलीतलं झाड पिशवीत भरून निघाली.

सकाळी ती कुदळ घेऊन परसात जाण्याआधी सासूबाईंच्या खाटेवर बसली. त्यांना विचारल्याशिवाय तिला हे करायचं नव्हतं.

"आई, खिडकीखालचा गुलाब काढायचाय. बाळासाठी."

"बरं."

"तो काढला तर तुम्ही कदाचित राहणार नाही. कळतंय का मी काय म्हणते ते?"

"कळतंय. काढ."

"मग राहू दे का?"

"बरं. राहू दे."

तिनं दोन्ही उत्तरं एकाच स्वरात ऐकली. ज्याला काही नको, त्याची संमती काय कामाची? कोऱ्या कागदावर घेतलेल्या अंगठ्यासारखी. ती थोडा वेळ तो गार हात हातात धरून बसली. मग उठली.

खणायला सकाळ गेली. मुळं घराच्या पायाखाली शिरली होती, सरळ खाटेच्या रोखानं, मनगटाएवढी जाड. ती तुटताना लाकडासारखी कडकडत नव्हती. ओल्या दोरासारखी पीळ सोडत सुटत होती. शेवटचं मूळ सुटलं आणि ती झुडपासकट मागे पडली. कोरड्याठाक खड्ड्यात कुठूनसं पाणी झिरपायला लागलं.

घरात फोन वाजत होता. ती मातीच्या हातांनी धावली. फोनमधून आधी लेक ऐकूच आली नाही, फक्त बाळ ऐकू आलं. गळा फाडून, श्वास कोंडून, सगळ्या गेल्या महिन्यांची भूक एकदम मागणारं. त्याच्या मागे लेक रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "वरचं दूध देतेय, आई! बाटली सोडतच नाहीये!"

"ठेवू नको फोन," सूनबाई म्हणाली. "मला ऐकू दे."

आणि मागच्या खोलीतून दुसरी हाक आली. खरखरीत, वैतागलेली.

"सूनबाई! मेली का सगळी? पाणी दे!"

सासूबाईंचे ओठ फुटले होते. त्यांनी एक पेला संपवला, दुसरा संपवला, तिसरा अंगावर सांडला. त्यांचा खुबा दुखत होता, पाठ दुखत होती, उशी बोचत होती. त्यांनी सूनबाईचे आखूड केस पाहिले आणि तशातही म्हणाल्या, "हे काय ध्यान करून ठेवलंयस?" मग छातीवर हात ठेवून त्या थांबल्या. श्वास वर वर जात होता. त्यांचे डोळे मोठे झाले.

"डॉक्टरांना बोलाव गं. मला इतक्यात जायचं नाही."

"बोलावते, आई."

"पणतवाला बघायचंय मला. अजून मांडीवरसुद्धा घेतला नाही." त्या खिडकीकडे वळल्या, या वेळी जाग्या डोळ्यांनी. "गुलाब कुठं गेला? तो होता तर बरं वाटायचं मला. लाव परत."

सूनबाईनं खाली पडलेला पेला उचलला.

"ऐकलंस का? लाव म्हणते ना!"

"हो, आई. लावते."

डॉक्टरांना फोन करून ती परसात गेली. झुडूप उन्हात आडवं पडलं होतं, टवटवीत, आणि जिथं टेकलं होतं तिथं एका फांदीनं मातीत पांढरं टोक खुपसलं होतं. ते जमिनीत पुरून चाललं नसतं, कचऱ्यात टाकूनही चाललं नसतं. पण दाबाखालच्या वाफेत काहीच तगत नाही, हे तिला आयुष्यभराच्या नोकरीनं शिकवलं होतं. तिनं छाटणीच्या कात्रीनं त्याचे बोटाबोटाएवढे तुकडे केले, पिशवीतल्या लहान झाडाचेही केले, स्वयंपाकघरातल्या मोठ्या कुकरमध्ये दाबून भरले, पाणी ओतलं आणि झाकण लावलं. ओट्यावर फोन उघडाच होता. त्यातून बाळ रडत होतं, मध्येच दूध ओढत होतं, पुन्हा रडत होतं.

पहिली शिट्टी झाली.

"काय शिजतंय गं?" मागून आवाज आला, आधीपेक्षा बारीक, पण हावरा. "फार भूक लागलीय मला."

सूनबाईनं ओट्याची कड घट्ट धरली.

"होतंय, आई. होतंच आलंय."

"मऊ कर हं. गिळवत नाही मला."

"हो," सूनबाई म्हणाली, आणि तिनं गॅस मोठा केला.